उसना दिलेला सोऱ्या

दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्या घरचा सोऱ्या आमच्या घरी नसतोच. सासूबाईंच्या वेळचा पितळी सोऱ्या तो. चांगला जडशीळ. आधी समोरच्या वहिनी नेतात, तिथून तो त्यांच्या बहिणीकडे जातो, आणि परत येतो तेव्हा एखादी चकती हमखास गहाळ! दरवर्षी मी ठरवते, आता कुणाला द्यायचा नाही. आणि दरवर्षी देतेच.

हे सगळं आठवायचं कारण माझी पुतणी. नवीन पनवेलला राहते, बेलापूरला एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते. मागच्या वर्षी एका रविवारी ती घरी आली आणि म्हणाली, "काकू, मी लायब्ररी काढतेय."

मला आनंद झाला. म्हटलं, "अगं, आपलं लिमये वाचनालय आहे की गावात! पण नवीन पनवेलला जागेचं भाडं परवडेल का तुला?"

ती हसून हसून लोटपोट. तिची लायब्ररी पुस्तकांची नव्हतीच मुळी. ती होती वेबसाइटच्या सुट्या भागांची. आता मी कला शाखेची पदवीधर, कॉम्प्युटरशी माझा संबंध एमएस-सीआयटीच्या सर्टिफिकेटपुरता. पण या मुलीच्या कामात मी हळूहळू अशी गुंतत गेले, की आज तुम्हालाही त्याबद्दल सांगावंसं वाटतंय.

सुरुवात झाली ती आमच्या बचत गटापासून. आम्ही जुन्या पनवेलमधल्या अकराजणी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतो. आधी वही होती. मग व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि गोंधळ वाढला. कुणी रात्री अकराला 'दोन किलो चकली' लिहिणार, सकाळी 'नको, शेव द्या' म्हणणार. शेवटी पुतणीनं आम्हाला इंटरनेटवर एक पान करून दिलं. नाव लिहा, फोन नंबर लिहा, पदार्थ निवडा, किती हवा ते सांगा, बटण दाबा. झालं काम!

झालं कसलं? गटातल्या सत्तरीच्या आजींनी मोबाईलवर मराठी कीबोर्ड उघडून ऐटीत '५' लिहिलं. पान म्हणालं, 'कृपया अंक लिहा.' आजी म्हणाल्या, "मग हे काय लिहिलंय मी, गमभन?"

पुतणीनं समजावून सांगितलं, की कॉम्प्युटरच्या लेखी मराठी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी चिन्हं असतात. वेबसाइटवरचा आकड्यांचा तयार रकाना बहुतेक वेळा फक्त इंग्रजी आकडेच ओळखतो. म्हणजे चूक आजींची नव्हती, रकान्याची होती. दुसरी तक्रार 'कीर्ती'ची. बटणावर तिचं नाव आलं की वेलांटीचं डोकं आणि रफार दोन्ही छाटलेले! अशा तयार नमुन्यांमध्ये ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठेवलेली असते. आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार, त्यांना जागा जास्त लागते. लहान मापाच्या ब्लाऊजमध्ये मोठा दंड कोंबावा, तसंच ते.

तिनं दोन्ही दुरुस्त केलं. रकाना मराठी-इंग्रजी दोन्ही आकडे घेऊ लागला, ओळीची उंची वाढली. अक्षरांसाठी तिनं 'मुक्ता' हा फाँट घेतला. तो मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला आहे आणि कुणालाही मोफत वापरता येतो. 'हे पान मराठी आहे' अशी खूणही तिनं पानाच्या आत घातली. ती घातली की ज्या फाँटमध्ये सोय असते, त्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता मराठी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी जी वळणं ठरवून दिली, तीच ही. मला तर हे ठाऊकच नव्हतं!

मग काय, बातमी पसरली. खांदा कॉलनीच्या गटाला तसं पान हवं झालं, कामोठ्याच्या एकीला, मग पेणच्या पोह्याचे पापड करणाऱ्या बायकांना. पुतणी जुनं पान उचलायची, रंग आणि नावं बदलायची, देऊन टाकायची. अशी सात पानं झाली. आणि एक दिवस फोन नंबरच्या रकान्यात तिला चूक सापडली. ती सात ठिकाणी दुरुस्त करायची! ऑफिसातून आल्यावर, रात्री जागून. सहा ठिकाणी केली आणि सातवं विसरली.

"म्हणून लायब्ररी, काकू," ती म्हणाली. "रकाना, बटण, यादी, तारीख, हे सुटे भाग मी एकदाच नीट करणार. सगळी पानं तेच भाग घेऊन उभी राहतील. चूक सापडली तर एकाच ठिकाणी दुरुस्ती."

वेबसाइटच्या दोन बाजू असतात. हिशेब, साठवण, नोंदी हे सगळं मागे, माजघरात. आणि आपल्याला दिसतं, ज्यावर आपण बोट लावतो, ती पुढची दर्शनी बाजू. तिला म्हणतात फ्रंट-एंड. तिची लायब्ररी या दर्शनी बाजूची.

हे तिचं एकटीचंच खूळ का, असं मी विचारलं. तर म्हणे, साऱ्या जगात असंच चालतं. २०११ मध्ये 'ट्विटर' कंपनीतल्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन या दोघांनी 'बूटस्ट्रॅप' नावाचा असाच संच सगळ्यांसाठी खुला केला. कंपनीतला जो तो आपापल्या पद्धतीनं पानं करायचा, त्यात मेळ राहावा म्हणून आधी घरच्यासाठी केलेला. आज असंख्य वेबसाइटी त्यावर उभ्या आहेत. पण मला आवडली ती आपल्या मुंबईची गोष्ट.

मुंबईत 'फ्रॅपे' नावाची कंपनी आहे. रुषभ मेहता यांनी ती २००८ मध्ये सुरू केली. धंद्याचे हिशेब, माल, पगार सांभाळणारं 'ईआरपीनेक्स्ट' हे त्यांचं सॉफ्टवेअर. ते ज्या पायावर उभं आहे, तो 'फ्रॅपे फ्रेमवर्क'सुद्धा त्यांनी सगळ्यांना मोफत खुला ठेवला. कंपनीला पैसे मिळतात ते सेवेतून. तर या ईआरपीनेक्स्टमध्ये विक्रीचा चढउतार दाखवणारा एक साधा आलेख हवा होता. बाजारातल्या लायब्रऱ्या एकतर फार किचकट, नाहीतर आपल्या रूपाशी न जुळणाऱ्या. तेव्हा तिथल्या प्रतीक्षा सिंग हिनं स्वतःच एक छोटी लायब्ररी लिहिली. ती पुढे 'फ्रॅपे चार्ट्स' या नावानं वेगळी काढून सगळ्यांना दिली. दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीच्या आधाराशिवाय चालणारी. तिच्या परवान्याच्या कागदावर २०१७ हे साल आहे आणि प्रतीक्षाचं नाव आहे. घरच्या एका गरजेसाठी केलेली वस्तू, पण आज ती कुणीही, कुठेही वापरू शकतं. पुतणीनं मला तो कागद मुद्दाम दाखवला. "नाव बघ, काकू!" तिचे डोळे असे चमकत होते, की मी काय समजायचं ते समजले.

मला वाटलं होतं, सुटे भाग झाले की झालं. पण खरं काम पुढेच असतं. पहिल्यांदा घरच्या खुणा पुसायच्या. आमच्या गटाचं नाव, आमचा केशरी रंग, 'किलो' हे माप, हे सगळं आत घट्ट शिवलेलं होतं. ते उसवून ज्याचं त्याला ठरवता येईल असं करायचं. मग लायब्ररीला नाव द्यायचं. अशा लायब्रऱ्या ठेवायचं जगातलं सर्वांत मोठं कोठार म्हणजे 'एनपीएम', २०१० पासून चालू असलेलं. तिथे एकाचं नाव दुसऱ्याला घेता येत नाही आणि नाव देवनागरीत लिहून चालत नाही. आम्ही सुचवलेली चार नावं आधीच कुणी ना कुणी घेऊन ठेवलेली! बारशाला झाली नाही एवढी चर्चा झाली घरात.

मग परवाना. मी म्हटलं, "फुकटच द्यायचंय ना, मग परवाना कशाला?" तर परवाना नसेल तर कायद्यानं ते काम तिचंच राहतं आणि दुसऱ्याला ते वापरायचा हक्क मिळत नाही. तिनं 'एमआयटी' परवाना निवडला, प्रतीक्षानं निवडला होता तोच. वापरा, बदला, विका, फक्त मूळ नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. आणि बिघडलं तर हमी नाही.

त्यानंतर माहितीपत्रक. इथे माझी वर्णी लागली. पत्रक इंग्रजीत तिनं लिहिलं आणि मराठीचं काम माझ्याकडे आलं. "काकू, तुला एकही शब्द अडला तर मला सांग. मी तोंडी काही समजावणार नाही. कागद वाचून जमलं पाहिजे." सुरुवातीला मला दर दोन ओळींना अडायला व्हायचं. 'नेहमीप्रमाणे जोडा' असं तिनं लिहिलेलं. नेहमीप्रमाणे म्हणजे कुणाच्या? आपल्या आईची 'मीठ अंदाजानं' अशी पाककृती आठवली. तो अंदाज तिच्या हातात होता, आपल्या नाही. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि कितीतरी नव्या सुनांचा जीव भांड्यात पडला, तो काही उगाच नव्हे. तीन रविवार बसून आम्ही पत्रक पुन्हा लिहिलं. बटणावरचे शब्दही मीच बदलले. तिनं सरकारी फॉर्मासारखं 'सादर करा' लिहिलं होतं. मी म्हटलं, "चकलीची ऑर्डर कुणी सादर करतं का? 'पाठवा' लिही."

आणि एका रात्री साडेदहाला तिनं दोन शब्दांची आज्ञा टाइप केली. एनपीएम पब्लिश. एंटर. लायब्ररी जगासाठी खुली झाली. आवृत्ती १.०.०.

"झालं? एवढंच?"

"एवढंच."

मी घरात होता तो गूळ-शेंगदाणा तिच्या हातावर ठेवला.

आता त्या आवृत्तीच्या आकड्यांची गंमत सांगते, कारण पुढचं रामायण त्यावरूनच घडलं. तीन आकडे असतात. नुसती चूक सुधारली तर शेवटचा आकडा वाढवायचा. नवीन सोय दिली, पण जुनं सगळं चालतंय, तर मधला. आणि जुनं वापरणाऱ्याचं अडेल असा बदल केला तर पहिला. लायब्ररी वापरणारे बहुतेक जण अशी सोय करून ठेवतात, की पहिला आकडा तोच असेल तर नवीन आवृत्ती आपोआप घेतली जावी. म्हणजे पहिला आकडा हा एक शब्दच आहे आपण दिलेला, 'तुमचं काही मोडणार नाही' असा.

वसुबारसेच्या तीन दिवस आधी पुतणीनं एक छोटा बदल केला. रकान्याचं आतलं नाव 'नग' होतं. लोक किलोनंही विकतात, म्हणून तिनं ते 'प्रमाण' केलं. तिला ते किरकोळ वाटलं. शेवटचा आकडा वाढवला, १.०.४, आणि झोपली. पेणच्या पानानं ती आवृत्ती आपोआप घेतली. ते पान शोधत होतं 'नग', आणि 'नग' तर आता नव्हताच. ना काही लाल अक्षरात आलं, ना पान बंद पडलं. ऑर्डरी येत राहिल्या, फक्त त्यात 'किती' हेच नाही! सदतीस ऑर्डरी. पोह्याचे पापड, पत्ता, फोन नंबर, आणि पुढे कोरं.

पेणच्या ताईंचा फोन आला तेव्हा पुतणी लोकलमध्ये होती, म्हणून त्यांनी मला गाठलं. बाई रागावल्या नव्हत्या, पण आवाज थकलेला होता. म्हणाल्या, "ताई, काल शेवेची चकती होती, आज उघडून बघते तर चकलीची. बदललीत तर सांगायचं तरी!"

त्या रात्री मी, पुतणी आणि पेणच्या दोघीजणी अशा चौघींनी सदतीस घरी फोन केले. 'वहिनी, माफ करा, तुम्हाला किती हवे होते?' पुतणीनं रात्रीच १.०.५ काढली, जुनं आणि नवं दोन्ही नावं चालतील अशी. जुनं नाव पुढच्या मोठ्या आवृत्तीत जाईल, ही सूचनाही तिनं ठळक लिहिली. तोवर एक वाजला होता. ती रडवेली झाली होती. म्हणाली, "काकू, परवान्यात लिहिलंय मी, हमी नाही म्हणून."

मी म्हटलं, "कायद्यानं नाही. पण त्या बाईंनी तुझ्या भरवशावर दिवाळी टाकली होती ना?"

मैत्रिणींनो, हे मी तिला बोलले खरं, पण रात्रभर मलाच झोप लागली नाही. कारण दुसरी बाजूही दिसत होती. ही मुलगी एक पैसा न घेता हे करतेय. सकाळी ७ ची लोकल, संध्याकाळी घरचा स्वयंपाक, आणि मग रात्री अनोळखी माणसांच्या तक्रारी. चालतंय तोवर कुणाला तिची आठवण नाही. बंद पडलं की लगेच फोन! हे कुठेतरी पाहिलंय असं वाटत राहिलं. आणि लक्षात आलं, अरे, हे तर आपल्याच घरातलं आहे. डबे भरलेले असतात तोवर ते कुणी भरले हे कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी मी तिला तेच विचारलं. तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली मार्च २०१६ ची. अझर कोचुलू नावाच्या तरुणानं 'लेफ्ट-पॅड' नावाची एक इवलीशी लायब्ररी लिहिली होती, अवघ्या अकरा ओळींची. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरायची, एवढंच तिचं काम. एका दुसऱ्या लायब्ररीच्या नावावरून वाद झाला, एनपीएमनं कंपनीची बाजू घेतली, आणि त्यानं वैतागून आपली सगळीच लायब्ररी-मंडळी कोठारातून काढून घेतली. त्यासरशी जगभरातल्या हजारो प्रकल्पांचं काम अडलं! शेवटी एनपीएमला ती स्वतःहून परत ठेवावी लागली. आता तिथे नियम आहे, की ७२ तास उलटल्यावर कुणी वापरत असलेली वस्तू सहजासहजी काढून घेता येत नाही.

दुसरी गोष्ट २०१८ ची. 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाची लायब्ररी लाखो ठिकाणी वापरली जायची. मूळ लेखकाचा त्यातला रस संपला होता, ते तो वापरतही नव्हता. एका अनोळखी माणसानं 'मी सांभाळतो' म्हटलं आणि त्यानं किल्ली देऊन टाकली. त्या माणसानं आत चोरीचा कोड घातला, लोकांची बिटकॉइनची पाकिटं उघडणारा. मूळ लेखकाला किती बोल लागले असतील! पण इतकी वर्षं तो ते फुकट सांभाळत होता, तेव्हा 'दमलास का रे' असं विचारायला किती जण आले असतील?

म्हणून आम्ही घरी एक बैठकच घेतली. पेणच्या ताईंचा मुलगा कॉम्प्युटर शिकलेला, तो आला. पुतणीची कॉलेजातली मैत्रीण आली. माझ्याकडून चहा-पोहे. ठरलं असं, की लायब्ररीच्या किल्ल्या तिघांकडे राहतील, तिघंही ओळखीचे. कोणताही बदल एकानं केला तर दुसऱ्यानं तपासल्याशिवाय बाहेर जायचा नाही. बाहेर काढण्याआधी सातही पानांवर एकेक खोटी ऑर्डर टाकून बघायची, आणि हे काम आमच्या गटातल्या आजींचं. मराठी कीबोर्डवरून '५' लिहायला त्यांच्याइतकं तरबेज कोण! गणपती आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कसलाही बदल नाही. आणि प्रत्येक गटानं वर्षाला थोडी वर्गणी काढायची. रक्कम फार नाही, पण पुतणीला ती घ्यायला संकोच वाटत होता. मी तिला स्पष्ट सांगितलं, "घे. आम्ही बायकांनी नाही म्हणून म्हणूनच सवयी लावून ठेवल्यात लोकांना."

पत्रकात आम्ही एक नवीन भागही घातला. 'ही लायब्ररी कोण सांभाळतं, किती वेळात उत्तर मिळेल, आणि आम्ही थांबलो तर तुम्ही काय करावं.' शेवटचं वाक्य लिहिताना पुतणी अडली. असं कुठे कुणी लिहितं का म्हणे! मी म्हटलं, लिहावं. घरात आपण ते कधी लिहून ठेवत नाही, म्हणून बाई चार दिवस आजारी पडली की अख्खं घर डाळ कुठल्या डब्यात आहे ते शोधत बसतं.

लायब्ररीच्या पानावर खाली सहभागी लोकांची यादी आहे. कोड लिहिणाऱ्या तिघांनंतर माझं नाव आहे, 'मराठी माहितीपत्रक' असं लिहून. त्याखाली आजींचं, 'तपासणी'. त्यांनी नातवाकडून त्याची प्रिंट काढून आणली आणि देवघराशेजारी लावलीय.

तुमच्या घरात, शेजारात एखादी मुलगी रात्री उशिरापर्यंत असं काही करत बसलेली असेल. तिला 'लवकर झोप' म्हणायच्या आधी एकदा शेजारी बसा. ते काय आहे, कोण वापरतं, आणि तिच्या जोडीला कोण आहे, एवढं विचारा. मराठी बरोबर आहे का, हे तपासायला तरी तुम्ही लागणारच तिला.

बाकी यंदा सोऱ्या वहिनींना दिला, तेव्हा डब्यात एक चिठ्ठी टाकली. 'चकत्या सहा. मोजून घ्या, मोजून द्या.' परत आल्यावर उघडून पाहिलं. सहाच्या सहा होत्या. आणि चिठ्ठीच्या मागे वहिनींनी लिहिलं होतं, 'दांडा सैल झाला होता, बसवून आणलाय.'